बुवांनी झील धरली नाही

“बुवा, तुम्ही झील का नाही धरली?”

खटकलं ते एवढंच. मी ओळ म्हणायची, बुवांनी तीच उचलून मागून म्हणायची. लहानपणापासून आम्ही असंच गात आलो. नहूमबुवा आमच्या मंडळीतले म्हातारे कीर्तनकार. गावातल्या साऱ्या ख्रिस्ती पोरांना गाणं त्यांनीच शिकवलं.

आज मी ओळ म्हणून थांबले, आणि ते आपल्या ओसरीच्या खांबाला टेकून नुसते बसून राहिले. टाळ मांडीवर.

“पुन्हा म्हण,” ते म्हणाले.

मी परातीवर ठेका धरला. परात आईची, पितळेची, घरून आणलेली. पीठ मळून झालं की आई तिच्या काठावर अंगठीनं ठेका धरायची आणि स्वतः जोडलेली गाणी म्हणायची. उद्या तिच्या स्मरणाची प्रार्थना. सगळी मंडळी आमच्या घरी येणार, आणि मी रचलेलं गीत मीच म्हणणार होते.

“भट्टीत घालून देवा, सोनं तू केलंस माझं...”

मी थांबले.

भिंतीवर पाल चुकचुकली. मी दचकले.

“पालीनं तरी धरली,” बुवा म्हणाले.

“सूर चुकला का?”

“नाही.”

“मग वृत्त?”

“बी. ए. झालीस ना? वृत्त कसं चुकेल.”

बुवांच्या पत्नी हन्नाकाकू चहा घेऊन आल्या. “रडवताय का हो पोरीला? आधी चहा प्या, मग काय ते स्वर्गात जा.” कप ठेवून त्या मागच्या परड्यात कोंबड्या कोंडायला गेल्या.

बुवांनी कपाला हात लावला नाही.

“भट्टीत असतं तेव्हा सोनं गातं का गं, रिबका?”



“पण लोकांना विश्वासाचं गीत हवंय, बुवा. आई बरी होणार म्हणून सगळ्यांपुढे मीच प्रार्थना केली होती. मोठ्यानं. आता गायले नाही तर म्हणतील, आई गेली आणि हिचा विश्वासही गेला.”

“गेला का?”

मी चहाकडे बघत राहिले. साय धरत होती.

“गुडघे टेकते रोज,” मी हळूच म्हणाले. “पण पलीकडे कुणी नाहीच, असं वाटतं. हे कुणाला सांगितलं नाही मी. तुमचं बरंय. दोन मुलगे पुरलेत तुम्ही, तरी तुमचा विश्वास कधी हलला नाही.”

“कोण म्हणतं?”

“सगळी मंडळी म्हणते.”

“मंडळी माझ्या घरात झोपत नाही.”



“मग उद्या मी काय म्हणू?”

बुवा टाळांची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

“सांगा ना काहीतरी! तुम्ही नाही सांगणार तर कोण सांगणार मला?”

दोरी गुंडाळणं चालूच.

मला रागही आला आणि भीतीही वाटली. मी उठले, परात काखेत धरली. घाईत ती निसटली. फरशीवर आदळली, आणि काठावर गरगर फिरत राहिली. 

मी होते तिथंच थांबले. कान देऊन.

आमच्या घरात काही पडलं की आतून आईचा आवाज यायचा, “काय पाडलंस गं?” माझ्या हातून रोजच काहीतरी पडायचं. रोज आवाज यायचा.

परात फिरून फिरून निवली.

आतून कुणी काही विचारलं नाही.

मी मटकन खाली बसले. सूर कुठला, ताल कुठला, काही कळलं नाही. गळ्यातून जे निघालं ते निघालं.

“कुठं आहेस रे, देवा... कुठं आहेस?”

आवाज फाटला. मी तोंडावर हात दाबला. हे काय बोलून बसले मी! आणि तेही बुवांसमोर...

बुवांनी टाळ बाजूला ठेवले. परात स्वतःकडे ओढली. तिच्या काठावर बोटाचं पेर वाजवलं. थांबले. पुन्हा वाजवलं.

मग डोळे मिटून, कापऱ्या आवाजात, त्यांनी झील धरली.

“कुठं आहेस रे, देवा... कुठं आहेस?”