घाणेरीतली तबकडी

"मग मी का नाही, सर?"

उंब्रजकरसर पायरीवर बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कॉलेजात माझ्याएवढी लांब तबकडी कुणाची जाते? तुम्हीच सांगा."

"कुणाची नाही."

"आणि नेम?"

"तुझाच."

"आणि कप्तान वैजयंती भोईटे."

"हो."

...

इंद्रजित पाटणकर शेवटच्या वर्षाला होता. अंगात रग, हातात कसब, आणि दोन्हींची त्याला स्वतःला पुरेपूर जाणीव. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कॉलेजचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला निघणार होता. कप्तानाचं नाव दुपारीच फळ्यावर लागलं होतं. ते वाचून तो जेवलासुद्धा नव्हता.

खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे गोल्फच, पण चेंडूच्या जागी तबकडी आणि खड्ड्याच्या जागी खांबावर साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत टोपली गाठायची. गोल्फ म्हटलं की ज्यांना मखमली हिरवळ आठवते, त्यांनी आमच्या माळावर एकदा यावंच. आमची पहिली टोपली ग्रंथालयाच्या मागे, नंतरची वसतिगृहाच्या वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडे, आणि शेवटची पाण्याच्या टाकीखाली, घाणेरीच्या रानाला लागून. हे सगळं सरांनी आखलं. त्यासाठी एकही झाड तोडू दिलं नाही, त्यामुळे ती झाडं आजही प्रत्येक खेळाडूला नडतात.

"या खेळात कप्तानाला काम तरी काय असतं?" इंद्रजित म्हणाला. "फेकायचं तर ज्याचं त्यानं."

"मग तुला कशाला हवंय?"

उत्तर नसलं की माणूस दुसऱ्याकडे बोट दाखवतो. त्यानेही तेच केलं.

"आणि ती वैजयंती... स्वतःची फेक झाली की हिचं लक्ष दुसऱ्यांकडं. याची कुठं पडली, तिची कुठं गेली. अर्धा वेळ लोकांसाठी झुडपात."

"खरं आहे."

"अशानं स्पर्धा जिंकतात का, सर?"

सरांनी दुसरा बूट पुढे ओढला.

"ठीक आहे. मग मी उद्या बसमध्ये नसेन."

हे नुसतं बोलणं नव्हतं. तो आला नाही तर आमचा संघ पहिल्याच दिवशी गाशा गुंडाळून परतला असता. हे त्याला माहीत होतं, सरांनाही माहीत होतं.

सरांनी दुसरी नाडी बांधली.

"उद्याचं उद्या बघू. आज मोकळा आहेस ना? एक फेरी खेळू."

"तुमच्याशी?"

"मी हरलो तर फळ्यावरचं नाव बदलतो. तू हरलास तर मुकाट्यानं बसमध्ये बसायचं."

इंद्रजितला हसू आवरेना. सरांचा उजवा खांदा कधीचाच धरलेला. त्यांची तबकडी कशीबशी निलगिरीच्या रांगेपर्यंत जायची.

"शब्द दिलात हं, सर."

"दिला."

इंद्रजितने पाठीवरची पिशवी सोडली. लाल तबकडी लांब जाण्यासाठी, निळी डावीकडे वळवण्यासाठी, पांढरी टोपलीजवळ आल्यावर. एकेक त्याने फडक्याने लख्ख पुसली. सरांच्या हातात एकच होती, काठाला कुत्र्याच्या दातांच्या खुणा असलेली.

पहिली फेक इंद्रजितची. तबकडी ग्रंथालयाच्या कोपऱ्यापर्यंत गेली. सरांची निलगिरीपाशीच बसली. इंद्रजित ताडताड पुढे निघाला.

"थांब," सर म्हणाले. "आधी माझी."

टोपलीपासून जो लांब, त्याने आधी फेकायचं, आणि बाकीच्यांनी तोवर त्याच्या मागे उभं राहायचं, असा या खेळाचा रिवाज आहे.

"माहीत आहे, सर. पण आपण दोघंच तर आहोत."

"दोघं आहोत म्हणूनच."

इंद्रजित मागे आला. पाय आपटलेच थोडे.

"उलटाच नियम आहे. मागं पडलेल्यानं पहिलं?"

"ज्याला लांब जायचंय, त्यानं लवकर निघावं."

...

पुढे सगळी फेरी अशीच झाली. सर फेकत, पुन्हा फेकत, आणि इंद्रजित मागे उभा राहून पुढची तबकडी पुसत असे. नजर पुढच्या टोपलीवर. मग त्याची पाळी आली की एका झटक्यात साखळ्या खणखणत.

"छान," सर प्रत्येक वेळी म्हणत.

एकदा म्हणाले, "तुझी लाल शिरीषाच्या झाडाला घासून गेली. उद्या मनगट जरा सैल सोड."

"उद्या कप्तान म्हणून सोडीन," इंद्रजित म्हणाला.

सर हसले. मनापासून हसले, असं मी तरी म्हणेन.

शेवटच्या टोपलीपर्यंत निकाल उघड होता. आता इंद्रजितने डोळे मिटून फेकलं असतं तरी तोच जिंकला असता. त्याची तबकडी टोपलीजवळ जाऊन पडली. मग सरांनी फेकली. माळावरचा वारा उठला, तबकडी टाकीच्या बाजूला तिरकी झाली आणि घाणेरीत शिरली. घाणेरी ऐन फुलात होती. आत काय पडलं, काही दिसेना.

कुणाचीही तबकडी हरवली तरी शोधायची सगळ्यांनी, हाही रिवाजच. सर कोपरापर्यंत हात घालून काट्यांत चाचपू लागले. इंद्रजित वाटेवर उभा राहिला. पण मुलगा मनाने वाईट नव्हता. थोड्या वेळाने त्याने बाह्या सारल्या आणि तोही आत शिरला.

"सर, रंग कोणता?"

सरांचा हात होता तिथेच थांबला.

...

"सर?"

"राहू दे. शोधायची वेळ संपली." सर बाहेर आले. "तू जिंकलास. सकाळी फळ्यावरचं नाव बदलतो."

ते टाकीखालच्या दगडावर बसले आणि बोटात गेलेला काटा काढू लागले.

इंद्रजित घाणेरीत उभा. आता आनंद व्हायला हवा होता. त्याने वाटही पाहिली, पण आनंद काही आला नाही. त्याला लाज वाटत होती. एवढी फेरी खेळलो, प्रत्येक वेळी याच माणसाच्या मागे उभा होतो, आणि त्याच्या तबकडीचा रंगही...

"रंग सांगा ना, सर. मी शोधून देतो."

"कप्तानाला मी काय सांगायचं?"

इंद्रजित खाली वाकला आणि शोधायला लागला.

जरा वेळाने मातीने माखलेली एक तबकडी घेऊन बाहेर आला.

"ही?"

"नाही."

त्याने ती शर्टाला पुसली. आत शाईने नाव होतं.

"मंदारची आहे. मागच्या सत्रात हरवली म्हणत होता."

तो पुन्हा आत गेला. पुन्हा आला.

"ही?"

"नाही."

"ही त्या पहिल्या वर्षाच्या मुलीची, मृण्मयीची. ही शोधत होते सगळे, तेव्हा मी..."

वाक्य त्याने अर्धंच सोडलं. सरांनीही पुरं करायला सांगितलं नाही.

तो आत जात राहिला, बाहेर येत राहिला. हातांवर ओरखडे उठले. दगडाशेजारी तबकड्यांची चळत झाली, प्रत्येक कुणाची तरी. सरांची त्यात नव्हती. ऊन टाकीच्या वर सरकलं, तेव्हा तो येऊन सरांच्या पायाशी मातीतच बसला. पिशवी कुठे टाकली होती, याचंही त्याला भान नव्हतं.

"सर, फळ्यावरचं नाव आहे तेच असू दे."

"पैज तू जिंकलास."

"वैजयंतीला रंग विचारावा लागला नसता."

...

वारा पडला होता. वसतिगृहाकडून कुणीतरी बादल्या भरत असल्याचा आवाज येत होता.

इंद्रजितने चळतीतली वरची तबकडी सरळ केली. मग मान खाली घालूनच विचारलं.

"बस कितीला सुटते, सर?"

"सहाला."

सर गुडघ्यांवर हात टेकून उठले. बाह्या सारल्या आणि घाणेरीकडे वळले.

"पिवळी आहे. चल, अजून उजेड आहे."