पोरिमेची वाणी

रोम नगरीच्या सात टेकड्यांवर जेव्हा केवळ मेंढ्या चरत होत्या, आणि नगर म्हणजे काय हे त्या भूमीत कोणालाही ठाऊक नव्हते, त्या प्राचीन युगात, तिबर नदीच्या तीरावरील, सदैव शुभ्र धुक्यात बुडालेल्या लॉरेलवृक्षांच्या वनात दोन सिद्ध भगिनींचा आश्रम होता. थोरली पोस्तवोर्ता, तिला होऊन गेलेले सारे दिसे. धाकटी पोरिमा, तिला पुढे होणारे सारे दिसे. तेथे भर दिवसाही झोपेतल्यासारखा मंद उजेड असे, आणि आलेला मनुष्य आपोआप हळू बोलू लागे.

आता माणसाची खोड पाहा. पोरिमेच्या पर्णकुटीपुढे मुकुटधारी राजे तिष्ठत उभे राहत, आणि थोरलीकडे कोणी फिरकतही नसे. झाले गेले ते आपल्याला ठाऊकच आहे, अशी ज्याची त्याची समजूत! ती बिचारी नदीकाठी बसून पाण्याशी बोलत असे.

एके दिवशी प्रातःकाळी मेंढपाळांचा नायक मामेर्कस आपली सून व्हिबिया हिला डोलीत घालून घेऊन आला. ती तीन दिवस प्रसववेदनांनी तळमळत होती.

"देवी," तो हात जोडून म्हणाला, "माझा पुत्र रणात पडला. त्याचे एवढेच मागे उरले आहे. हे बाळ जगेल ना?"

पोरिमेने नेत्र मिटले. जिच्या दृष्टीपुढे अजून न उभारलेली साम्राज्ये उभी राहत, तिला त्या उदरात काहीच दिसेना. नुसते पांढरे धुके.

"नायका, या बालकाला पुढचे दिवसच नाहीत. हे सूर्य पाहणार नाही. सुनेला तेवढे वाचव."

व्हिबियाने हंबरडा फोडला. तो ऐकून पोस्तवोर्ता नदीकाठाहून धावत आली, तिने त्या पोटावर हात ठेवला आणि ती चकित झाली.

"पोरिमे, बाळ जिवंत आहे! पायाळू आहे गं ते. पाय जगाकडे आणि मुख मागे, म्हणून तुला दिसले नाही. मला त्याचे मिटलेले डोळेसुद्धा दिसताहेत."

"मग सोडव ना तिला!"

परंतु थोरलीने हात मागे घेतला. "तुला वाणी देताना अपोलोदेवाने काय बजावले होते, विसरलीस? तुझा एक शब्द जरी खोटा ठरला, तरी ती वाणी त्याच क्षणी परत जाईल. मी याला सूर्य दाखवला, तर तू जन्माची मुकी होशील. माझ्याशी बोलणारे या जगात तुझ्यावाचून दुसरे कोण आहे?"

पोरिमेला भडभडून आले. "ताई, किती राजांना मी त्यांची मरणे सांगितली, आणि वाचवले एकालाही नाही. एक तरी भविष्य आपल्या हातून खोटे होऊ दे. सोडव तिला."

पोस्तवोर्तेने आधी दोन इवली पावले, मग कंबर, मग खांदे, असे ते बाळ अलगद सोडवले. त्या वनातले धुके प्रथमच विरले, बाळाच्या मुखावर कोवळे ऊन पडले, आणि त्याने टाहो फोडला.

आनंदाने वेडावलेला मामेर्कस पोरिमेच्या पाया पडला. "देवी, आता सांगा, याचे पुढे काय होईल?"

तिचे ओठ हलले. शब्द उमटला नाही. तिने हसून बाळाला उराशी धरले, आणि पोस्तवोर्ता मोठ्याने रडू लागली.

तेव्हापासून त्या देशीच्या स्त्रिया प्रसूतीच्या वेळी दोघी बहिणींचा धावा करू लागल्या, आणि थोरलीचे नाव आधी घेऊ लागल्या. पोस्तवोर्ता अजूनही बोलते, विचारणाऱ्याशी आणि न विचारणाऱ्याशीही. पोरिमेला सारे दिसते. आपण कितीही विनवले तरी ती सांगू शकत नाही.