रुमालाखालचा भाव

एका शेळीबाजारात एक वृद्ध दलाल बसत असे. सगळे त्याला अण्णा म्हणत. सुखदेव नावाचा तिशीतला शिष्य तीन वर्षे त्याच्याकडे विद्या घेत होता. दलालीला विद्या म्हटल्यावर तुम्ही हसाल, खुशाल हसा. पण ती सोपी नव्हे. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नसत. दोन्ही बाजूंचे दलाल एका रुमालाखाली हात धरीत, बोटांच्या खुणांनी सौदा ठरे, आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसालाही त्याचा पत्ता लागत नसे. मग आपापला दलाल कानात जे सांगेल, ते मालकाने आणि गिऱ्हाइकाने खरे मानायचे. पैसेही विकणाऱ्याच्या दलालाकडे द्यायचे. तो पुढे मालकाला देई.

त्या शनिवारी अण्णांनी प्रथमच एक सौदा सुखदेवच्या हाती सोपवला. गिऱ्हाईक होत्या मथुराबाई. त्यांची दृष्टी कधीच गेलेली. गावातल्या बाळंतिणींना आणि तान्ह्या मुलांना तेल लावून, न्हाऊ घालून त्यांनी चार पैसे गाठीला बांधले होते. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने त्याच पैशांतून एक शेळी आणून दिली. ती भाकड निघाली, आणि तिचा भावही त्याने सांगितल्याहून हजाराने कमी होता, असे मागाहून बाईंच्या कानावर आले. बाईंनी आकांडतांडव केले नाही. त्यांनी साधा बटणांचा फोन घेतला आणि शेजारच्या मास्तरीणबाईंकडून तोंडाने सांगून पैसे पाठवायचे शिकून घेतले.

"या खेपेला माझे पैसे माझ्या तोंडानं जातील," त्यांनी सुखदेवला आल्या आल्या बजावले. "हे बुडाले तर पुन्हा साठवायला माझ्यात जोर नाही, बाबा."

दोन करडांची एक काळी शेळी बाईंच्या मनात भरली. त्यांनी तिची कास आणि दात चाचपले, करडांच्या पाठीवरून हात फिरवला. मालक म्हाळाप्पा शेजारीच उभा होता. सुखदेवने त्याच्या दलालाशी रुमालाखाली हात मिळवला. बराच वेळ बोटे दाबली गेली, झटकली गेली, आणि साडेनऊ हजारांवर सौदा ठरला. आपण पाचशे तरी वाचवले, या आनंदात सुखदेवची मान ताठ झाली. त्याने रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि बाईंच्या कानात भाव सांगितला. तिकडे म्हाळाप्पाचा दलालही त्याच्या कानाशी लागला.

बाईंनी फोन तोंडाशी धरला. म्हाळाप्पाच्या दलालाने आपला नंबर सांगितला, तो बाईंनी फोनला सांगितला. फोनने विचारले, "किती रुपये पाठवायचे?"

"अहो, थांबा," दलाल घाईने पुढे आला. "भर बाजारात भाव बोलता काय? ही काय रीत झाली?"

सुखदेवला मेल्याहून मेल्यासारखे झाले. पहिलाच सौदा, आणि त्यात रीतभंग! तो हलक्या आवाजात म्हणाला, "मावशी, फोन इकडं द्या. तुमचा पैसे पाठवायचा गुप्त आकडा काय तो सांगा, रक्कम आणि आकडा मी गुपचूप दाबतो." बाजारात तो असेच करी, सगळेच करीत. सौद्याचा भाव जिवापाड जपणारे हे लोक गुप्त आकडा मात्र चहा सांगावा तितक्या सहज सांगून मोकळे होत. बाईंनीही सांगण्यासाठी तोंड उघडले.

तेवढ्यात अण्णा उठले. त्यांनी सुखदेवच्या खांद्यावरचा रुमाल ओढून काढला आणि तो मथुराबाईंच्या हातांवर, फोनवर पांघरला.

बाजारात शिष्याच्या खांद्यावरचा रुमाल काढणे म्हणजे त्याचा सौदा काढून घेणे. सुखदेवचा चेहरा पडला.

"बाई, भाव मोठ्यानं सांगा," अण्णा म्हणाले. "गुप्त आकडा कुणालाच सांगू नका. तो या रुमालाखाली तुमचा तुम्ही दाबा."

बाईंनी खणखणीत आवाजात सांगितले, "साडेनऊ हजार."

"नऊ हजार पाचशे रुपये पाठवू का?" फोनने तितक्याच मोठ्याने विचारले.

"साडेनऊ?" म्हाळाप्पा गर्रकन वळला. "मला तर साडेआठ सांगितले!"

दलाल खाली बघू लागला. चार माणसे जमली. फोन पुन्हा विचारत होता, पाठवू का?

"नाही," मथुराबाई फोनला म्हणाल्या. मग त्यांनी आवाजाच्या दिशेला तोंड फिरवले. "म्हाळाप्पा, तुमचा स्वतःचा नंबर सांगा."

"साडेआठाला मी कबूल होतोच," म्हणत म्हाळाप्पाने तो सांगितला. बाईंनी नवा भाव सांगितला, साडेआठ हजार. फोनने म्हाळाप्पाचे नाव उच्चारले, रक्कम उच्चारली. बाई म्हणाल्या, "हो." पाचाच्या बटणावरचा उंचवटा अंगठ्याने शोधून त्यांनी रुमालाखाली आपला आकडा दाबला. क्षणभराने म्हाळाप्पाच्या खिशातला फोन वाजला. पैसे आले होते.

सुखदेव खालमानेने अण्णांपुढे उभा राहिला. "माझी बोटं चुकली नव्हती, अण्णा."

"बोटं नाहीच चुकली. चाळीस वर्षं माझीही चुकली नाहीत, आणि मधला हजार मीही खाल्लाय. आज सांगतो." अण्णा म्हणाले. "भाव दोघांचा असतो, म्हणून तो दोघांच्या कानावर पडला पाहिजे. गुप्त आकडा एकाचाच असतो, म्हणून तो सख्ख्या भावालाही कळता कामा नये. आपण जे उघडं ठेवायचं ते झाकत आलो आणि जे झाकायचं ते वाटत सुटलो. झाकणं हे पाप नव्हे रे. कुणापासून काय झाकतो, एवढं पाहावं."

सुखदेवला राग आला नव्हता; उलट छातीवरचे ओझे उतरल्यासारखे वाटत होते.

मथुराबाई शेळीचा कासरा धरून निघाल्या. मागून करडे उड्या मारीत होती. वाटेत प्रत्येक जण विचारी, "बाई, केवढ्याला घेतली?" हा प्रश्न विचारायची त्या बाजारात रीत होती, खरे उत्तर द्यायची मात्र नव्हती.

"साडेआठ हजार," बाई प्रत्येकाला थांबून सांगत होत्या. "आणि मी माझ्या हातानं दिले."