ओल्या पोटाचा रांजण

मातीची भांडी आपापसांत बोलत असत, त्या काळची गोष्ट. तानूबाई कुंभारणीच्या अंगणात भट्टी लावायची वेळ झाली होती. सुरईला सावकाराच्या माडीवर बोलावणं होतं, कौलांना शाळेच्या छपरावर, पणत्यांना देवळात. रांजणासाठीही धर्मशाळेच्या दारात जागा धरून ठेवली होती.

पण रांजण आतून ओला होता. उन्हाने वरून खडखडीत दिसत होता, एवढंच.

"पोट सुकलंय का रे?" भट्टीवर झाकायच्या ढिगातली म्हातारी खापरी पुटपुटली.

"हळू बोल. आज मागे राहिलो तर माझी जागा दुसरा घेईल."

"मीही असंच म्हणाले होते. आगीत ओल उकळली आणि मी फुटले. माझं सोड, शेजारच्या पणत्यांचा पार चुरा झाला."

तानूबाई एकेक भांडं सुकलंय का ते बोटाने वाजवून पाहत भट्टीत रचत होती. भट्टीत रांजणाची जागा नेमकी पणत्यांना खेटून होती. तानूबाई जवळ आली तसं त्याने पोट घट्ट आवळून धरलं. तिने बोट उचललं. त्याने एकदा पणत्यांकडे पाहिलं आणि पोट सैल सोडलं.

बद्द!

"अगं बाई, हा ओलाच की!" म्हणत तिने त्याला बाजूला सरकवलं. सुरई फिदीफिदी हसली.

भट्टी उघडली तोवर धर्मशाळेच्या दारात दुसराच रांजण बसला होता. देवळाकडे निघालेली एक पणती अंगणातल्या रांजणापाशी थबकली.

"आगीला घाबरलास ना?"

रांजणाने तिला नीट निरखून पाहिलं. तिला कुठे साधा तडासुद्धा गेला नव्हता.

"हो," तो म्हणाला, "फार घाबरलो होतो."