पाहुण्यांनी लष्करी पोशाखातच यावे!

आठ दिवसांत सातशे लष्करी पोशाख! सोनबा शिंप्याने हुकमाचा कागद तीनदा वाचून घेतला आणि तिन्ही वेळा आकडा तेवढाच निघाला.

हेमाडगडच्या रणधीरराजांच्या कन्येचे लग्न कोंढरपूरच्या युवराजांशी ठरले होते. वरपक्षावर छाप पडावी म्हणून महाराजांनी हुकूम काढला, की मांडवात येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याने लाल लोकरी बनातीचा लष्करी पोशाख घालूनच यावे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक! त्यातून ना खुद्द महाराज सुटले होते, ना राजपुरोहित, ना महाराजांच्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई. वास्तविक हेमाडगडच्या फौजेने शेवटची लढाई बावीस वर्षांपूर्वी एका आग्या मोहोळाशी केली होती, आणि तीही मोहोळाने जिंकली होती. परंतु महाराजांना लष्कराचा सोस दांडगा! पोशाख वेळेत झाले नाहीत, तर सोनबाने घरदार सोडून राज्याबाहेर चालते व्हावे, असेही त्याच कागदात लिहिले होते.

"येसू, बोचकी बांध," सोनबा मुलीला म्हणाला. "दिवसाला दोन अंगरखे हातावेगळे झाले तरी मी धन्य होतो. सातशे कुठून आणू?"

"बांधते हो, बाबा. पण आधी माप घेऊन येते."

"कुणाचं?"

"महाराजांचं! सुरुवात यजमानांपासून नको का करायला?"

मापाची दोरी गळ्यात अडकवून येसू दरबारात उभी राहिली. सिंहासनावर महाराज, शेजारी दिवाणजी आणि चिकाच्या पडद्याआड राणीसाहेब. तिने महाराजांचे खांदे मापले, बाह्या मापल्या; पोटापाशी दोरी अपुरी पडली, तेव्हा तिने शिष्टाचार म्हणून छताकडे पाहिले.

"आता वाका, महाराज."

"पोरी!" दिवाणजी किंचाळले. "कुणाशी बोलतेस, भान आहे का?"

"पाठीच्या शिवणीसाठी म्हणते, दिवाणजी. मांडवात महाराजांना जावयाचे पाय धुवायचेत. वाकल्यावर किती कापड लागतं ते आज आपण नाही पाहिलं, तर त्या दिवशी सगळं वऱ्हाड पाहील!"

दरबारात कोणाला तरी खोकला आला. बघता बघता त्याची साथ पसरली.

महाराज वाकू लागले आणि अर्ध्यावरच थबकले.

"थांब! हा पोशाख अंगावर असताना आमच्या सात पिढ्यांत कोणी कोंढरपूरकरांपुढे वाकलेलं नाही. लष्करी पोशाखात वाकणं म्हणजे शरणागती!"

"मग न वाकणारा शिवते. आत कांजीचं कडक अस्तर घालते, पाठ काठीसारखी ताठ राहील. पाय मात्र दिवाणजींना धुवायला सांगा."

"पाय वधूपित्यानेच धुवायचे असतात, एवढंही कळत नाही?"

"म्हणजे वाकणारा शिवू?"

"मुळीच नाही!"

"महाराज, सोवळं नेसून वाकलात, तर कोंढरपूरकर मुलगी घेऊन जातील. लष्करी पोशाखात वाकलात, तर गडही मागतील! माझं काय, मला दोन्ही शिवता येतं."

महाराज सिंहासनात मागे रेलले. मिशांना पीळ भरायला गेलेला हात तिथेच राहिला. मुद्दा त्यांना पटला होता. पण पटला असे म्हणणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

"आमचा शब्द मागे फिरत नाही," ते गुरगुरले. "हुकूम मोडता कामा नये आणि मला तो पोशाखही घालावा लागू नये. काढ तोड! नाही निघाली, तर बापाबरोबर आजच सीमेपार हो!"

येसूने दोरी बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. आठ दिवसांची मुदत तिने स्वतःच्या तोंडाने एका दिवसावर आणली होती! मग ती सावकाश म्हणाली,

"एक विचारते. शिपायाच्या बहिणीचं लग्न निघालं तर?"

"तीन दिवसांची रजा! आमचाच कायदा आहे."

"आणि रजेवर निघाल्यावर पोशाख?"

"शिलेखान्यात जमा! रजेवरचा शिपाई पोशाखात दिसला, तर बारा फटके!"

"मग झालंच की, महाराज! लष्करी पोशाख घालतो तो शिपाई, म्हणजे आपल्या हुकमाने सातशे पाहुणे फौजेत भरती झालेच आहेत. राजकन्या म्हणजे साऱ्या फौजेची बहीण. हुकूम तसाच राहू द्या आणि सगळ्यांना बहिणीच्या लग्नाची रजा द्या! आत्याबाईंना तेवढी नातीच्या लग्नाची द्यावी लागेल. आणि जे पोशाख शिलेखान्यातच पडून राहायचे, ते आठ दिवसांत शिवायची घाई कुणाला आहे?"

महाराजांचे डोळे चमकले.

"वा! सातशे जणांना रजा मी देईन. पण सरसेनापती मी आहे! माझ्या वर या राज्यात कोणी नाही. मग मला रजा कोण देणार? बोल!"

येसूने चिकाच्या पडद्याकडे वळून मुजरा केला.

"ज्यांना विचारल्याशिवाय महाराज शिकारीलाही जात नाहीत, त्या राणीसाहेब!"

पडद्याआड बांगड्या वाजल्या.

"रजा मंजूर!" राणीसाहेबांचा आवाज आला. "वरात निघाली, की हजर व्हायचं!"

महाराज आधी लाल झाले, मग थरथरू लागले आणि अखेर असे खदखदून हसले, की अंगरख्याच्या दोन गुंड्या तटातट तुटून दिवाणजींच्या पुढ्यात पडल्या. सोनबाची हद्दपारी त्यांनी तिथल्या तिथे माफ केली, हातातले सोन्याचे कडे काढून येसूच्या हातात घातले आणि राजवाड्याचा शिवणखाना तिच्या ताब्यात दिला.

"आणि लग्नाला बापलेकीने पहिल्या पंगतीला यायचं!" महाराज डोळे पुशीत म्हणाले. "पोशाख वाटेल तो घाला!"