बादलीने बॅटरी

बाजार समितीचे सभापती बळवंतराव यांना सगळं मोठंच लागे. इंजिनात हवा सोडणारी थ्रॉटल बॉडीसुद्धा त्यांनी म्हादबा मिस्त्रीकडून मोठी बसवून घेतली. हायवेवर गाडी उडायची. पण बाजारात ॲक्सिलरेटरवर पाय नुसता टेकला, की हिसका मारून भाजीच्या पाट्यांवर जायची.

सभापती तरातरा गॅरेजात आले. म्हादबा वारून पंधरा दिवस झाले होते. त्याचा धाकटा भाऊ रंगा एकटाच होता.

"तुझ्या भावानं गाडी बिघडवली. बाहेरच्या बोर्डावरचं त्याचं नाव पूस!"

रंगाने हातातला पाना खाली ठेवला आणि भरलेली बादली पुढे केली. "दादासारखं या बॅटरीत पाणी भरून दाखवा, लगेच पुसतो."

सभापतींनी ऐटीत बादली कलती केली. बॅटरीची भोकं बोटाएवढी. सगळं पाणी धोतरावर आलं.

"गाढवा, बादलीनं बॅटरी भरतात होय? बादली गाडी धुवायला!"

"दादा तुम्हाला हेच सांगत होता, साहेब. मोठं तोंड शर्यतीला, बाजारात नको."

रंगाने फळीवरून फडक्यात गुंडाळलेली सभापतींच्या गाडीची जुनी, लहान थ्रॉटल बॉडी काढली. वर दादाच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'सभापती परत येतील तेव्हा.'

"हे घ्या फडकं. नाव पुसायचंय ना?"

सभापतींनी चिठ्ठी वाचली आणि त्या फडक्याने आपलं धोतर पुसलं.