वळणावरचा हात

“मग वळणावर हात कुठं ठेवू, वस्ताद? डोक्यावर?”

सर्जेरावानं विचारलं ते रागानंच. आदल्या दिवशी तो आठव्या, म्हणजे अगदी शेवटच्या जागेवरून अंतिम फेरीत घुसला होता. शर्यत संध्याकाळी. चाकाच्या खुर्च्यांची, पंधराशे मीटर, देशोदेशीचे गडी. पहिल्या तिघांत आला तर पुढल्या वर्षी संघात जागा, नाहीतर घरचा रस्ता. वय चौतीस. पाय कसे गेले ते इथं सांगत नाही. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं.

वस्ताद बाबालाल मिरजेचे. सायकलची चाकं लावून घरी बांधलेल्या गाडीवर त्यांनी वीस वर्षं शर्यती मारल्या होत्या. आता सत्तरी उलटलेली, आणि जिथं बसतील तिथं डुलकी. कालची फेरीही त्यांनी डोळे मिटूनच काढली होती.

“हात?…” ते म्हणाले. “ठेव म्हणून मी कवा म्हणलो?”

या गाड्यांना तीन चाकं. पुढच्या चाकापाशी एक खटका असतो. वळण आलं की त्यावर थाप मारायची. चाक वळणाच्या मापानं वळतं आणि तसंच राहतं. सरळ रस्ता लागला की दुसरी थाप. मधल्या वेळात दोन्ही हात मोकळे, नुसतं ढकलायचं.

सर्जेराव थाप मारायचा. पण वळणात शिरला की त्याचा डावा हात हँडलवर जायचाच. तेवढ्यात एक फटका बुडायचा. शर्यतीत वळणं सात.

“माझ्या हाताला कळतं,” तो म्हणाला. “लोखंडाला काय कळतंय?”

दोन वर्षांपूर्वी असाच खटका अडकला होता आणि तो कठड्यावर जाऊन आदळला होता. खांद्याचं हाड मोडलं. हे तो कुणाला बोलून दाखवत नसे. वस्तादांना ते ठाऊक होतं.

“चल,” ते उठले.

मैदानामागं मोटारी लावायचं भलंमोठं पटांगण होतं. सकाळची वेळ, एकही मोटार नव्हती. समुद्रावरून धुकं आलेलं, असलं दाट की आपलाच हात दुसऱ्याचा वाटावा.

“मार थाप. जा गोल.”

“कुठपर्यंत?”

“लेका, गोलाला कुठपर्यंत असतंय व्हय?”

एक चक्कर झाली. आतल्या अंगाचं चाक जिथून गेलं, त्याच्या चार बोटं आत वस्तादांनी चहाचा रिकामा कागदी कप ठेवला आणि शेजारी फतकल मारून बसले.

सर्जेराव धुक्यात गेला. टप्प… टप्प… लाकडासारखे टणक हातमोजे चाकाच्या कड्यावर पडत होते. मग एक फटका चुकला.

“लावलास हात,” धुक्यातून आवाज आला.

“तुम्हाला काय दिसतंय?”

“धुकं दिसतंय.”

कपाचा चुराडा झाला. वस्तादांनी दुसरा ठेवला. तोही गेला. तिसरा गेला तेव्हा सर्जेराव करवादला, “कप तरी लांब ठेवा की!”

“कप बरोबर हाय. तुझं तू बघ.”

चौथ्या कपाला कधीतरी त्याचा हात थकला. शहाणा झाला म्हणत नाही मी. थकला. हँडलकडं जायचं विसरला.

टप्प… टप्प… टप्प…

पांढऱ्यात पांढरं. चाकं फिरतायत की खालची जमीन, कळेना. समुद्राचा आवाज आला, मग तो विहिरीत घागर बुडाल्यासारखा झाला. आई हाका मारतेय असं वाटलं, आणि ओ द्यावीशी वाटली नाही. मोडलेला खांदा दुसऱ्या कुणाचा तरी होता. तो कुठं निघाला नव्हता, कुठून आलाही नव्हता. किती चकरा झाल्या कुणास ठाऊक…

धुकं विरलं तेव्हा कप तसाच उभा होता. वस्ताद शेजारी घोरत होते.

संध्याकाळी दिवे लागले. आठ गडी रेषेवर. बार उडाला.

सर्जेराव पुढच्यांच्या पाठीशी चिकटून राहिला, म्हणजे वारा त्यांनी फोडायचा. पहिलं वळण. थाप मारली. हात हँडलला लावला नाही. एक झालं. दुसरं. नाही लावला. तिसऱ्यालाही नाही. चौथ्याला तो पाचवा होता, पाचव्याला चौथा. सहा झाली, आता एकच! सातव्या वळणातून बाहेर पडला तेव्हा तो तिसरा होता, आणि मनात नुसता ढोल वाजत होता. सात! सातच्या सात!

तेवढ्यात उजव्या अंगानं एक निळ्या टोपाचा गडी मान खाली घालून आला आणि गेला.

सर्जेराव चौथा. अंतर वीतभर.

गाड्या ठेवायच्या तंबूत वस्ताद त्याच्या हातमोज्यांचे पट्टे सोडत बसले. बाहेर कुठल्या तरी देशाचं राष्ट्रगीत चाललं होतं.

“पुढल्या वर्षी संघात न्हाई मी,” सर्जेराव म्हणाला.

“न्हाईस.”

“तुम्ही सांगितलं तसं केलं, वस्ताद. सातच्या सात वळणं. एकदाबी हात लावला न्हाई. एकदाबी! मग चौथा कसा आलो?”

वस्तादांनी दुसऱ्या हाताचा पट्टा सोडला. त्याचा सुजलेला पंजा दोन्ही हातांत धरून ठेवला.

“हात लावला न्हाईस,” ते म्हणाले, “मग मोजत कोण हुतं?”